खानाचं काम

शाळेत असताना मी सलग चार वर्षं मेलो. पाचवीपासून आठवीपर्यंत, दर डिसेंबरात, गॅदरिंगच्या रंगमंचावर, महाराजांच्या वाघनखांनी.

आमच्या मोहोळसारख्या गावात तेव्हा गॅदरिंग म्हणजे मोठी गोष्ट होती. मैदानात बाकं जोडून रंगमंच उभा करायचा, मागं सतरंज्या टांगायच्या आणि समोर सगळं गाव. आमच्या शाळेत प्रतापगडच्या भेटीचा प्रवेश ठरलेला असे. महाराज कोण होणार, जिवा महाला कोण होणार यावरून वर्गात भांडणं लागत. खान कोण होणार यावर मात्र कधी चर्चाच झाली नाही. सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघायचा आणि सर हसत म्हणायचे, "खानाचं काम खानच करणार." माझं आडनाव खान नाही, पण ते सांगून उपयोग नव्हता. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना "ए अफझुल्या" अशी हाक यायची आणि ती पार नागनाथाच्या जत्रेपर्यंत टिकायची.

सातवीत असताना मी घरी रडून सांगितलं की मला हे काम नको. अब्बा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कलावंताकडं नेलं. त्यांनी उभी हयात तंबूच्या तमाशात काढली होती, तीही वगातल्या दुष्ट माणसांची कामं करण्यात. कधी सावकार, कधी पाटील, कधी कपटी प्रधान. त्यांनी माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खान शामियान्यात कशापायी आला?"

मी म्हणालो, "महाराजांना मारायला."

"ती झालं पुस्तकातलं. मिठी मारताना त्येच्या मनात काय हुतं?"

मला सांगता येईना. मग ते म्हणाले, "आरं लेकरा, खान वंगाळ हाय ही समद्या गावाला म्हाईत हाय. ती तू वरडून कशाला सांगतूस? त्यो हुशार हाय, ताकदीचा हाय, आन् आपुनच जिकणार अशी त्येची खात्री हाय, एवढं दाव. खान जेवढा मोठा, तेवढा राजा मोठा."

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्या आमच्या प्रवेशात नव्हत्या. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता आणि महाराजांबरोबर गेलेल्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम होता. ही १६५९ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. बारा वर्षांच्या पोराला यातलं किती कळणार? पण त्या वर्षी मी डोळे वटारले नाहीत, दात विचकले नाहीत. सावकाश चालत आलो, इकडंतिकडं पाहिलं, हसलो आणि मिठीसाठी हात पसरले. प्रवेश संपल्यावर गल्लीतल्या एक आजी अम्मीला म्हणाल्या, "तुझ्या पोराचा खान बघून आंगावर काटा आला बघ. एवढ्या दांडग्या गड्याला आपल्या राजानं लोळवलं!" 'अफझुल्या' ही हाक त्या वर्षीही आली. पण ती मला पूर्वीइतकी लागली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला आहे. नटाला आपलं पात्र जसं उमगतं आणि ते उमगलेलं तो जेव्हा बोलून दाखवतो, तेव्हा बघणाऱ्याच्या मनातल्या त्या पात्राचं काय होतं? आज घरोघरी दूरचित्रवाणी आहे. रोज संध्याकाळी मालिकेतली माणसं आपल्या जेवणाच्या ताटासमोर येऊन बसतात. त्यामुळं हा प्रश्न आजचा वाटतो. पण तो बराच जुना आहे.

१९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तुकोबांचं काम करणारे विष्णुपंत पागनीस हे त्याआधी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट होते. चित्रपट गावोगाव फिरला आणि लोक पागनिसांना संत मानू लागले, त्यांच्या पाया पडू लागले. तुकोबा सतराव्या शतकातले, त्यांचा फोटो कुणाकडं असणार? मग नटाचा चेहरा हाच संताचा चेहरा होऊन अनेक घरांच्या भिंतीवर गेला. पागनिसांनी त्यानंतर तुलसीदास केला, नरसी भगत केला, विदुर केला. १९४३ साली ते गेले, तोपर्यंत नट आणि पात्र यांच्यात बघणाऱ्यांनी फट उरू दिली नव्हती.

पागनिसांना लोकांनी देव केलं. निळू फुल्यांच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी पदरमोड करून हिंडणारा हा माणूस पडद्यावर मात्र गावातल्या लेकीबाळींवर डोळा ठेवणारा पाटील किंवा सरपंच. खेड्यातल्या बायका समोर दिसले की शिव्या घालायच्या, असे अनुभव निळूभाऊ मुलाखतींत स्वतःच हसत सांगत. या शिव्या म्हणजे आपल्या कामाची पावती, असा त्यांचा हिशेब होता.

'सामना' १९७५ सालचा. विजय तेंडुलकरांचं लेखन आणि दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. पंढरपूरला जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले म्हणून जब्बार पटेल आम्हांला घरचे वाटतात. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील निळूभाऊंनी असा केला की उसाच्या भागातल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. गावाला कारखाना देणारा तोच आणि गावाचा गळा धरणाराही तोच. आमच्या गल्लीत एक काका म्हणायचे, "ह्यो वाईट असंल, पर खोटा न्हाई." पुढं वर्तमानपत्रांतून निळूभाऊंच्या मुलाखती येऊ लागल्या, सभांतून ते बोलू लागले, तसं खेड्यापाड्यातल्या लोकांना कळलं की हा माणूस पाटलाची नक्कल करत नाही, पाटीलकीची चौकशी करतो आहे. २००९ साली ते गेले तेव्हा ज्या बायका एकेकाळी त्यांना शिव्या देत, त्यांतल्याच काही डोळ्यांना पदर लावताना मी पाहिल्या आहेत.

आता दूरचित्रवाणीकडं येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्या गल्लीपर्यंत संच यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. तो पहिला संच आला तेव्हा त्याच्यावर 'हम लोग' लागायची. ७ जुलै १९८४ला सुरू झालेली ही मालिका दीड वर्ष चालली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही एका साध्या कुटुंबाची कथा. मालिकेतून लोकशिक्षण करायचं ही कल्पना मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्याकडून घेतलेली. 'हम लोग'चा प्रत्येक भाग संपला की अशोककुमार पडद्यावर यायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखं आजच्या भागात कोण कसं वागलं, ते बरोबर होतं का, असं प्रेक्षकांशी बोलायचे. या मालिकेला देशभरातून लाखो पत्रं आली.

म्हणजे आपल्याकडं दूरचित्रवाणीच्या पहिल्याच मोठ्या कौटुंबिक मालिकेत, पात्र कसं समजून घ्यावं हे सांगायला एक नट बसवला होता. मग लोकांनी ते ऐकलं का? काही ऐकलं, काही नाही. या मालिकेतली आई भागवंती ही सगळं निमूट सोसणारी बाई. असं सोसत राहू नये, हे दाखवायला ते पात्र घातलेलं. पुढं अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा अनेकांना भागवंतीच आदर्श वाटल्याचं दिसलं. अशोककुमारांसारखा माणूस दर भागाला समजावत असूनही! आमच्या अम्मीचंही तेच. ती म्हणायची, "बिचारी कित्ता सहती है!" आणि त्या म्हणण्यात कीव कमी, कौतुकच जास्त असायचं. नटाचा शब्द मोठा खरा, पण बघणारा आपलं आयुष्य घेऊन बसलेला असतो, हे मला भागवंतीनं शिकवलं.

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी आमची अख्खी गल्ली शेजारच्या काकूंच्या घरात. अम्मी उंबऱ्याशी बसायची, कारण आत जागा नसायची. काकू संचाला हळदकुंकू वाहायच्या आणि मग अम्मीला हात धरून आत ओढायच्या. मंथरेचं काम येवल्यात जन्मलेल्या आपल्या ललिता पवारांनी केलं होतं. ती पडद्यावर आली की बायका बोटं मोडायच्या. रावण झालेले गुजराती नट अरविंद त्रिवेदी तर इतके धिप्पाड आणि इतके मोठ्यानं हसणारे, की आमच्याकडची लहान पोरं आईच्या मागं लपायची.

या त्रिवेदींनी मुलाखतींतून काय सांगितलं ते ऐका. ते स्वतः रामभक्त. चित्रीकरणाच्या दिवशी ते उपास करत, पूजा करत आणि रामाला कठोर शब्द बोलावे लागतात म्हणून त्याची आधी क्षमा मागत. मुळात ते केवटाचं काम मागायला गेले होते, असंही ते सांगत. रावण हा विद्वान आणि मोठा शिवभक्त होता, याचा त्यांनी कधी विसर पडू दिला नाही. १९९१ साली गुजरातमधल्या साबरकांठा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. रावणाला लोकांनी मतं दिली!

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. त्या दिवसांत एक छोटी चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. वयोवृद्ध त्रिवेदी स्वतःच्याच घरात सीताहरणाचा प्रसंग बघत आहेत आणि बघता बघता त्यांचे हात जोडले जातात. मी ती अम्मीला दाखवली. काकू तोवर गेल्या होत्या. अम्मी बराच वेळ ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि म्हणाली, "ही काकूला दाखवायला पाहिजे होती." पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्रिवेदीही गेले.

पुन्हा मागं, १९८८ सालाकडं येतो. माझ्यासाठी ते साल फार मोठं. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या पुस्तकावरची ही त्रेपन्न भागांची मालिका. त्यात एके दिवशी शिवाजी महाराज आले. आमच्या मनातले महाराज म्हणजे भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या चित्रपटातले चंद्रकांत. इथं पाहतो तर महाराजांच्या वेशात नसीरुद्दीन शाह! आणि समोर औरंगजेब कोण, तर ओम पुरी.

मी जेवता जेवता उठून उभा राहिलो. चार वर्षं "खानाचं काम खानच करणार" हे ऐकत आलेल्या मुलाला ते बघून काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. एक मुसलमान नट महाराजांचं काम करत होता, एक हिंदू नट औरंगजेबाचं काम करत होता आणि गल्लीतल्या कुणालाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. नसीरुद्दीनचे महाराज शांत होते, मोजकं बोलत होते, समोरच्याचं ऐकून घेत होते. दुसऱ्या दिवशी मी ते तमाशातले आजोबा जिथं राहायचे त्या घरावरून गेलो. ते तोवर राहिले नव्हते. त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं फार वाटलं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं. त्याचे संवाद गाझीपूरकडच्या राही मासूम रझांचे. मुसलमानानं महाभारत का लिहावं, अशी कुरकूर तेव्हा झालीच. राही मात्र आपण गंगेचे पुत्र आहोत असं अभिमानानं सांगत. अर्जुनाचं काम करणाऱ्या नटाचं खरं नाव फिरोज खान. त्या भूमिकेनंतर त्यानं अर्जुन हेच नाव घेतलं. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज हे आपले मराठी, शिक्षणानं पशुवैद्य. त्यांनाही लोकांनी १९९६ साली जमशेदपुरातून लोकसभेवर पाठवलं. पात्र आणि नट यांची अशी सरमिसळ करण्यात आपला प्रेक्षक कधी मागं राहिला नाही.

पण सगळं काही देव आणि दानवांपुरतं नसतं. साध्या माणसांचं काय? यासाठी मला दिलीप प्रभावळकरांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव मराठी माणसानं आधी पुस्तकात वाचलेला. दूरदर्शनच्या मालिकेत प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि त्यानंतर ते पुस्तक उघडलं तरी हेच दोन चेहरे दिसू लागले. कर्व्यांना तर लोक शेवटपर्यंत गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत राहिले. २०२५ साली ते गेले तेव्हाही बातम्यांत गुंड्याभाऊच होता.

प्रभावळकरांनी एक वेगळी गोष्ट केली. आपण केलेल्या भूमिकांविषयी त्यांनी 'एका खेळियाने' हे पुस्तक लिहिलं. चिमणरावापासून 'चौकट राजा'मधल्या नंदूपर्यंतची माणसं आपल्याला कशी सापडली, हे नट स्वतः सांगतो आहे, असं वाचायला मिळणं ही वाचकाची चैनच. नंतर त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर ती सुरू झाली. लिहिणारेही तेच आणि आबा टिपरेही तेच. आमच्या घरात त्यामुळं एक मजेशीर बदल झाला. तोवर अब्बांची बारीकसारीक कुरकूर आम्हांला त्रासदायक वाटायची. मालिका सुरू झाल्यावर धाकटा भाऊ म्हणू लागला, "अब्बा म्हणजे आपले टिपरे आहेत." अब्बाही ते ऐकून खूश. मालिका मोहोळपासून फार लांबच्या एका मराठी मध्यमवर्गीय घरातली, पण म्हातारपणाची कुरकूर सगळीकडं सारखीच. आपल्या घरातल्या माणसाला समजून घ्यायला कधी कधी असा एखादा नट मध्ये लागतो.

आता थोड्या अवघड जागी येतो. २४ नोव्हेंबर २००८ला स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर 'राजा शिवछत्रपती'. महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे आणि औरंगजेबाच्या भूमिकेत यतीन कार्येकर. कार्येकर आम्हांला आधीच माहीत होते. 'मुन्नाभाई'मधला तो खुर्चीत निश्चल बसलेला आनंदभाई म्हणजे तेच. ज्याची पापणीही हलत नव्हती आणि ज्याच्यासाठी आमच्या घरातल्या बायका रडल्या होत्या, तोच माणूस आता आलमगीर होऊन बसलेला. अम्मीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं आधी विश्वासच ठेवला नाही. मग म्हणाली, "मग हा पण आतून कुणीतरी माणूसच असणार." औरंगजेबाविषयी इतकं सावध वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. त्यात समर्थन नव्हतं, नुसतं कुतूहल होतं.

औरंगजेब आमच्यासाठी केवळ पुस्तकातला नाही. आमच्या तालुक्यातलं बेगमपूर भीमेच्या काठावर आहे. पलीकडच्या काठाला मंगळवेढा तालुक्यातलं माचणूर. तिथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं त्याची छावणी होती. बेगमपुरात त्याच्या मुलीची कबर दाखवतात. लहानपणी सहलीला गेलो की पोरं तिथंही माझ्याकडं बघायची, जणू मी पाहुण्यांना घर दाखवायला आलो आहे. मराठ्यांशी लढता लढता म्हातारा झालेला, दिल्लीला परत न गेलेला तो बादशहा आणि मी यांच्यात काय नातं? माझे आजोबा मोहोळच्या बाजारात पिंजाऱ्याचं काम करायचे. कापूस पिंजणाऱ्याच्या नातवाला तख्ताचा वारसा देऊन टाकणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत.

२०१७च्या सप्टेंबरात झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत चालली. संभाजीराजांचं काम पुन्हा अमोल कोल्ह्यांचं. आधीच्या पिढीच्या मनातले संभाजीराजे म्हणजे 'रायगडाला जेव्हा जाग येते' या १९६२ सालच्या कानेटकरांच्या नाटकात काशिनाथ घाणेकरांनी केलेले, बापाच्या प्रेमाला आसुसलेले, बेफाम. त्याच्याही आधीची नाटकं तर त्यांना सरळ व्यसनी ठरवून मोकळी झाली होती. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली कागदपत्रांच्या आधारे संभाजीराजांचं मोठं चरित्र लिहिलं, पुढं डॉ. कमल गोखल्यांनी संशोधन केलं आणि तो कलंक पुसला. पण चरित्र किती घरांत जातं? मालिका रात्री नऊ वाजता घरोघर जात होती. शिवाय कोल्हे भाषणांतून, मुलाखतींतून संभाजीराजांविषयी बोलत राहिले. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा, ही ओळख आमच्या गल्लीतल्या पोरांना संशोधकांच्या ग्रंथांनी दिली नाही. ती मालिकेनं आणि त्यातल्या नटानं दिली. हे नटाच्या शब्दाचं बळ.

या बळाची दुसरी बाजूही कोल्ह्यांनाच बघावी लागली. २०१९ साली ते शिरूरचे खासदार झाले. त्याआधी त्यांनी एका हिंदी चित्रपटात नथुराम गोडसेचं काम केलं होतं. जानेवारी २०२२मध्ये तो चित्रपट येणार म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला. भूमिका केली म्हणजे तो विचार मान्य केला असं होत नाही, हे त्यांनी सांगितलं आणि आळंदीला जाऊन इंद्रायणीकाठी आत्मक्लेश केला. काहींचं समाधान झालं, काहींचं झालं नाही. मला त्यात कुणाची बाजू घ्यायची नाही. पण ज्या प्रेक्षकानं महाराजांचं पुण्य नटाच्या पदरात घातलं, तो गोडसेचं पापही त्याच्याच पदरात घालणार, हे ओघानं आलं. पागनिसांच्या पाया पडणारे, निळूभाऊंना शिव्या घालणारे आणि वर्गात माझ्याकडं वळून बघणारे, हे सगळे एकाच रांगेत बसलेले प्रेक्षक आहेत. मीही कधी कधी त्याच रांगेत बसतो.

गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाचा मुलगा, वय वर्षं अकरा, शाळेतून आला आणि दप्तर फेकून म्हणाला, "बडे अब्बा, मला खानाचं काम दिलंय." शाळा दुसरी, सर दुसरे, मध्ये चाळीस वर्षं गेलेली. भाऊ भडकला. उद्याच शाळेत जाऊन जाब विचारतो म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि स्वतः गेलो.

वर्गशिक्षिका तरुण होत्या, समजूतदार होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, "बाई, हे काम त्याला का दिलंत?" त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. त्या वर्गाकडं वळून म्हणाल्या, "खानाचं काम आणखी कुणाला करायचंय?" मला वाटलं, एकही हात वर होणार नाही. तर सात हात वर झाले! मालिका बघून वाढलेली पोरं ती. खानाला झकास पोशाख असतो, खानाला मोठमोठे संवाद असतात आणि शेवटी झोकात मरायला मिळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. खानाचं काम एका जाधवांच्या मुलाला गेलं. आमच्या पोराच्या चिठ्ठीत सिद्दी इब्राहिम आला. तो हिरमुसला. घरी येताना मला विचारू लागला, "बडे अब्बा, हा सिद्दी कुणाच्या बाजूनं होता?" मी सांगितलं. तो चालता चालता थांबला. म्हणाला, "मग तो आमच्या पुस्तकात का नाही?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात कुणीतरी घुटमळताना दिसलं. तोच जाधवांचा मुलगा. हातात वहीच्या पानावर उतरवलेले संवाद. म्हणाला, "चाचा, तुमी शाळंत खानाचं काम करायचा म्हणं. मला शिकवा की."

मी त्याला आत घेतलं. अम्मीनं त्याच्या हातावर खजूर ठेवला. त्यानं लगेच छाती फुगवून, डोळे वटारून पहिला संवाद म्हणून दाखवला. मी त्याला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "मिठी मारताना खानाच्या मनात काय होतं?"

तो खजूर चघळत विचार करू लागला.